दाढीनंतर मानेवर आग आणि पुटकुळ्या: नाजूक त्वचेसाठी नेमकं काय बदलावं?

घणसोलीकर

नमस्कार मंडळी. कामाच्या ठिकाणी रोज तुळतुळीत दाढी लागते. त्वचा पातळ आहे, चटकन लाल होते. गालांवर फारसा त्रास नाही. पण कंठाच्या खाली आणि जबड्याच्या कोपऱ्याखाली दाढीनंतर तासभर आग होते. दुसऱ्या दिवशी बारीक लाल पुटकुळ्या उठतात, काहींच्या मधोमध केसाचं काळं टोक दिसतं.

सध्याची पद्धत अशी: अंघोळीआधी दाढी. आधी थोडं खोबरेल, मग डब्यातला तयार फेस. तीन पात्यांचं काट्रिज, एक साधारण महिनाभर चालतं. सगळीकडे खालून वर, मग राहिलेल्या खुंटांवर पुन्हा एकदा. शेवटी अल्कोहोलवालं आफ्टरशेव्ह. सोसायटीत आठवड्यातले दोन-तीन दिवस टँकर येतो, बाकी महापालिकेचं पाणी. दाढी झाली की अर्ध्या तासात ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याकडे.

क्रीम बदलू की रेझर? जुन्या पद्धतीच्या सेफ्टी रेझरवर जाण्यात अर्थ आहे का? आणि तुरटी लावावी की नाही?

ब्रश-मग

क्रीम आणि रेझर दोन्ही नंतर बघू. तुमच्या वर्णनात खरी अडचण तीन शब्दांत आहे, "सगळीकडे खालून वर".

गालाची त्वचा सपाट असते, खाली हाडाचा आधार असतो, त्यामुळे उलट्या दिशेने फिरवलेला रेझर तिथे खपून जातो. मानेची त्वचा सैल, आणि केस त्वचेला जवळजवळ चिकटून झोपलेले. तिथे दिशा चुकली की पातं केस कापण्याआधी तो उचकटतं आणि सोबत त्वचेचा वरचा थरही खरवडतं. तुमच्या मानेचे केस कुठल्या दिशेने वाढतात हे शोधल्याशिवाय बाकी काहीही बदलून उपयोग नाही.

शुक्रवारी दाढी केली की रविवारपर्यंत थांबा. कोरड्या मानेवर बोटांची टोकं किंवा जुन्या एटीएम कार्डाची कड वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी फिरवा. ज्या दिशेने अडत नाही, ती केसांची दिशा. गालांवर बहुतेकांचे केस वरून खाली येतात. मानेचं तसं नाही. कंठाखाली ते बऱ्याचदा खालून वर चढतात, बाजूला कानाकडून कंठाकडे आडवे जातात, आणि जबड्याच्या कोपऱ्याखाली पुष्कळांना भोवरा असतो. डावी आणि उजवी बाजू सारखी असेलच असं नाही. कागदावर चेहऱ्याचा ढोबळ आकार काढून बाण काढा आणि तो कागद पहिले पंधरा दिवस आरशाशेजारी ठेवा. पहिला हात फक्त बाणांच्या दिशेने. म्हणजे काही ठिकाणी तुमचं "खालून वर" बरोबरही निघेल, पण ते पाहून ठरवायचं.

आता क्रम. दाढी अंघोळीनंतर करा, चेहरा न पुसता. कोरडा केस चिवट असतो. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजला की तो पाणी शोषून फुगतो, मऊ होतो आणि कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. आधी लावलेलं खोबरेल नेमकं हेच पाणी आत जाऊ देत नाही, शिवाय त्यावर फेस टिकत नाही आणि काट्रिजच्या फटी बुजतात. गीझरचं कढत पाणी चेहऱ्यावर घेऊ नका. त्वचेचा स्वतःचा तेलकट थर त्याने धुऊन जातो आणि आग वाढते. मनगटाच्या आतल्या बाजूला सुखद वाटेल इतपतच कोमट. अंघोळीआधीच उरकायचं असेल तर सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा आणि कोमट पाण्यात पिळलेला नॅपकिन पूर्ण दोन मिनिटं दाढीवर दाबून धरा. घड्याळ लावून दोन मिनिटं, कारण अंदाजाने माणूस तीस सेकंदांतच थांबतो.

फेसाचं. डब्यातल्या फेसात मुख्यतः हवा असते. भरघोस दिसतो, पण पात्याखाली निसरडेपणा कमी. ट्यूबमधलं साधं ब्रशने घोटायचं क्रीम घ्या, शक्यतो सुगंध कमी असलेलं आणि मेंथॉल नसलेलं. वाटाण्याएवढं पुरतं. ब्रश सिंथेटिक केसांचा. डुकराच्या केसांचा नवा ब्रश पहिले काही आठवडे बोचतो, तुमच्या मानेला तो नको. ब्रश भिजवून दोनदा झटका, क्रीम मगात घेऊन गोल घोटा, आणि दर पंधरा-वीस सेकंदांनी अर्धा चमचा पाणी घाला, तीन-चार वेळा. दीड मिनिटाने फेस घुसळलेल्या दह्यासारखा, चकाकणारा दिसला पाहिजे. त्यात बुडबुडे दिसत नाहीत. दोन बोटांत चोळून पाहा, बोटं सुळकन निसटली तर तो तयार. पांढरा ढीग होऊन उभा राहत असेल तर पाणी कमी पडलंय. दिसायला तोच फेस सगळ्यात छान, आणि रेझर सगळ्यात जास्त ओढतो तोही तोच.

मग दाब. रेझर दांड्याच्या खालच्या टोकाकडे तीन बोटांत धरा. तिथून जोर लावताच येत नाही. एक हात दोन-तीन सेंटिमीटरचा, दोन-तीन हातांनंतर पातं पाण्यात हलवून धुवायचं. फेस निघालेल्या जागी रेझर पुन्हा टेकवायचा नाही, एखादा खुंट राहिला तरी. तुमची आग बहुतेक त्या "राहिलेल्या खुंटांवर पुन्हा एकदा" मधून येते. दुसरा हात हवाच असेल तर पूर्ण चेहऱ्याला नव्याने फेस लावून, केसांच्या दिशेला आडवा. मानेवर उलटा हात किमान महिनाभर नाही.

पाचपाखाडी

पाण्याबद्दल. नवी मुंबई महापालिकेचं पाणी बहुतांशी मोरबे धरणातून येतं. साठवलेलं पावसाचं पाणी, क्षार कमी, फेस सहज होतो. टँकरचं पाणी मात्र कुठून भरलंय यावर ठरतं. बोअरचं असेल तर जड असण्याची शक्यता बरीच. घोडबंदर रोडच्या टँकरवाल्या सोसायट्यांमध्येही हीच गोष्ट.

जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा चिकट साका तयार करतं. दोन नुकसानं होतात: फेस मिनिटाभरात बसतो, आणि तो साका धुतल्यावरही त्वचेवर राहून खाज आणतो. दाढीचा साबण मुळात अल्कधर्मी असतो, त्वचेचा पीएच साधारण ५ च्या आसपास आम्लधर्मी. त्यामुळे साबणाचा अंश मागे राहणं नाजूक त्वचेला महागात पडतं.

पारख घरीच करता येते. पारदर्शक बाटली अर्धी भरा, अंघोळीच्या साबणाचे चार-पाच कीस टाका आणि जोरात हलवा. वर दाट फेस आणि खाली पाणी बऱ्यापैकी स्वच्छ, तर पाणी हलकं. फेस नावापुरता आणि पाणी दुधाळ, वर चोथा तरंगतो, तर जड. टँकरच्या दिवशी आणि नळाच्या दिवशी, दोन्ही पाण्यांची करा. द्रव डिटर्जंट वापरू नका, ते जड पाण्यातही फेसतं आणि फरक कळत नाही.

जड निघालं तर मोठा खटाटोप नको. फेस घोटायला आणि शेवटी चेहरा धुवायला मिळून अर्धा लिटर आरओचं किंवा नळाच्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी बास होतं. रेझर बुडवायला कुठलंही चालेल. पाणी उकळून निवळून घेतलं तर काही क्षार तळाशी बसतात, सगळे नाही.

रोमकूप

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत. पण पुटकुळीच्या मधोमध केसाचं टोक दिसतं असं तुम्ही लिहिलंय, ते महत्त्वाचं आहे. आग आणि पुटकुळ्या हे दोन वेगळे त्रास आहेत, उपायही वेगळे.

दाढीनंतर लगेच होणारी आग, लाली, चुरचुर म्हणजे त्वचेचा वरचा थर खरवडला गेलेला. ती एक-दोन दिवसांत ओसरते. मधोमध केस असलेली, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठणारी पुटकुळी म्हणजे केस आत वळलेला. हे दोन तऱ्हांनी होतं. कुरळा किंवा वळणदार केस बाहेर येऊन पुन्हा शेजारच्या त्वचेत घुसतो. किंवा केस त्वचेच्या पातळीखाली कापला जातो आणि बाहेर येण्याआधी आतल्या आतच भिंत भेदतो. दुसरा प्रकार अनेक पात्यांच्या काट्रिजने वाढतो: पहिलं पातं केस पकडून जरा वर खेचतं, मागचं पातं तो खेचलेला असताना कापतं, आणि उरलेलं टोक त्वचेखाली परत जातं. त्वचा बोटांनी ताणून दाढी केली तरी तेच होतं. तुळतुळीत वाटतं त्याचं हेच कारण, आणि पुटकुळीचंही.

म्हणून एका पात्याचा रेझर. सेफ्टी रेझरवर जाण्यात अर्थ आहे, पण हात बसायला पंधरा-वीस दाढ्या लागतात. तेवढा वेळ नसेल तर जिलेट गार्ड हे एका पात्याचं काट्रिज भारतात २०१० पासून मिळतं, दांडा हलका आहे आणि कोनाची काळजी करावी लागत नाही. सध्याच्या मानेला मी आधी तेच सुचवेन.

पुटकुळ्या बऱ्याच असतील तर पहिले तीन-चार आठवडे मानेवर पातं न लावणं सगळ्यात चांगलं. ट्रिमर एक मिलिमीटरवर ठेवा आणि त्वचेवर दाबू नका. एक मिलिमीटर दोन हात लांबून जेमतेम दिसतो, कामाच्या ठिकाणी विचारून घ्या. आत अडकलेल्या केसावर कोमट ओला कपडा दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. केसाची कमान वर दिसत असेल तरच स्पिरिटने पुसलेल्या सुईच्या टोकाने ती उचलून मोकळी करायची. उपटायचा नाही: मुळापासून उपटलेला केस पुन्हा येताना आतच वळण्याची शक्यता जास्त. न दिसणाऱ्या केसासाठी टोकरत बसलात तर काळे डाग राहतात, आणि आपल्याकडच्या वर्णाला हे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.

२ टक्के सॅलिसिलिक ॲसिडचं जेल किंवा फेसवॉश आठवड्यातून दोन रात्री मानेला लावता येतं. दाढी केल्या रात्री नाही. सोसलं तर हळूहळू वाढवा. मुरुमांसाठी रेटिनॉइड किंवा आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर त्वचा आधीच हळवी असते, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲसिड नको आणि पात्याची दाढीही शक्यतो टाळा.

एक गोष्ट फार कळकळीने सांगतो. मेडिकलमधून "खाज, पुरळ, फंगस सगळ्यावर" म्हणून मिळणाऱ्या मिश्र मलमांना हात लावू नका. त्यांत बहुतेकदा तीव्र स्टेरॉइड असतं. चार दिवस झकास वाटतं, मग चेहऱ्याची त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, आणि मलम थांबवलं की पहिल्यापेक्षा जास्त आग. मूळ त्रास नायट्याचा असेल तर स्टेरॉइडखाली तो लपून पसरतो.

कडेला गोल, खवले असलेला, खाजणारा चट्टा, पिवळा पू भरलेल्या दुखऱ्या फोडांचा पुंजका, केस हलकेच ओढल्यावर न दुखता हातात येणं, वाढत्या गाठी. यातलं काहीही दिसलं तर दाढी थांबवून त्वचारोगतज्ज्ञ गाठा. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नेरुळचं डी. वाय. पाटील रुग्णालय दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली आहेत, त्वचारोगाची ओपीडी दोन्हीकडे आहे.

खारेगाव_खाडी

तुरटीला पाठिंबा. गार पाण्याने चेहरा धुऊन ओली तुरटी हलकेच फिरवायची, बारीक कापलेलं लगेच थांबतं, त्वचा आवळते. आफ्टरशेव्हपेक्षा कधीही बरी, त्यात सुगंध नाही की अल्कोहोल नाही.

रोमकूप

@खारेगाव_खाडी, रक्त थांबवायला तुरटी उत्तम, त्यात वाद नाही. पण ती त्वचा कोरडी करते, आणि सोललेल्या मानेवर रोज फिरवून तशीच ठेवली तर आग वाढेल. जंतुनाशक म्हणून तिच्यावर विसंबू नये, आणि एकाच्या चेहऱ्यावरून फिरलेला तोच खडा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर तर मुळीच नाही. सलूनमध्ये हे सर्रास होतं. तिथे दाढी करायचीच असेल तर वस्तऱ्यात आपल्या डोळ्यांसमोर नवं अर्धं ब्लेड घालायला सांगा, आणि तुरटीला नम्रपणे नको म्हणा.

ब्रश-मग

दोघांचंही जुळवता येईल. तुरटी औषध म्हणून न वापरता परीक्षा म्हणून वापरा. दाढी संपल्यावर ओली तुरटी एकदाच फिरवा, वीस सेकंद थांबा. जिथे चुरचुरतं तिथे तुमचा दाब जास्त पडला किंवा दिशा चुकली. ती जागा बाणांच्या कागदावर फुलीने टिपा. मग भरपूर गार पाण्याने धुऊन टाका. आठवड्यातून दोनदा पुरे. आठ-दहा दाढ्यांनंतर फुल्या एकाच ठिकाणी जमलेल्या दिसतील, आणि बहुतेक तो जबड्याखालचा भोवराच असेल. हात कुठे सुधारायचा ते त्या फुल्यांइतकं नेमकं दुसरं काही सांगत नाही.

धुतल्यावर टॉवेल घासायचा नाही, टिपायचा. त्वचा किंचित ओलसर असतानाच बिनवासाचं हलकं मॉइश्चरायझर, मानेला हरभऱ्याएवढं. आपल्याकडच्या दमट हवेत जाड मलई घामाखाली चिकटून राहते, ग्लिसरीनवालं पाण्यासारखं लोशन किंवा जेल बरं. कोरफडीचं जेल चालतं, पण रंग-सुगंध नसलेलं. नवं काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठवडाभर लावून पाहा.

आणि वेळ बदला. दाढी करून अर्ध्या तासात लोकलच्या गर्दीत घाम, कॉलरचं घासणं आणि धूळ हे सगळं नुकत्याच खरवडलेल्या मानेवर जातं. दाढी रात्री झोपण्यापूर्वी करा. केस दिवसाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढतो, म्हणजे सकाळपर्यंत जेमतेम ०.१ मिलिमीटर. दिसत नाही, आणि त्वचेला सात-आठ तास मिळतात.

घणसोलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री कार्ड फिरवून पाहिलं. कंठाखाली केस वर चढतात, पण दोन्ही बाजूंना आडवे आहेत, उजवीकडे भोवरा. बाटलीची पारख केली, टँकरचं पाणी दुधाळ झालं.

दोन शंका उरल्या. पुढे सेफ्टी रेझर घेतला तर कोन कसा कळायचा? आणि ब्लेड किती दाढ्या चालवायचं? पावसाळ्यात बाथरूममध्ये गंजतं म्हणतात.

ब्रश-मग

कोन बघायचा नसतो, ऐकायचा असतो. रेझरच्या डोक्याची वरची बाजू गालावर सपाट टेकवा, दांडा चेहऱ्यापासून सरळ बाहेर. या स्थितीत काहीच कापलं जात नाही. आता दांडा हळूहळू खाली आणत बारीक हात फिरवा. ज्या क्षणी खुंट कापल्याचा कुरकुर आवाज येतो, तिथे थांबा. पातं त्वचेशी साधारण ३० अंशांवर असतं. दांडा त्याच्याही खाली गेला की आवाज बदलून खरवडल्यासारखा येतो, तो ऐकू आला की मागे या. पंखा बंद ठेवा म्हणजे ऐकू येईल. सुरुवात गालापासून, मान शेवटी, तोपर्यंत तिथला फेसही जास्त मुरतो. कंठावर घोट गिळून कंठ वर असतानाच थोडी त्वचा बाजूला सरकवायची आणि सपाट भागावर हात फिरवायचा, कंठाच्या उंचवट्यावरून कधीच नाही.

रेझरचं डोकं बंद कंगव्याचं, म्हणजे ब्लेडखाली दात्यांऐवजी सलग पट्टी असलेलं, सौम्य घ्या. पहिलं ब्लेड सगळ्यात धारदार नको. फेदर फार तीक्ष्ण असतं, हात बसेपर्यंत बाजूला ठेवा. सेव्हन ओ'क्लॉक किंवा विल्किन्सनची छोटी पाकिटं घेऊन एकेक ब्लेड पाहा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला. क्रीम, रेझर आणि ब्लेड एकाच आठवड्यात बदललं तर त्रास कशाने गेला किंवा वाढला ते कळणार नाही.

एक ब्लेड चार ते सहा दाढ्या. केस ओढल्यासारखे वाटले की तिसऱ्या दाढीलाही टाकून द्या. बोथट पातं माणूस नकळत दाबतो, आणि तिथून पुन्हा आग सुरू. तुमचं महिनाभर चालणारं काट्रिजही याच कारणाने बाद.

गंजाबद्दल: दाढीनंतर वाहत्या पाण्यात धुवा, जोरात झटका, आणि रेझर बाथरूमबाहेर हवेशीर जागी उभा ठेवा. ब्लेड टॉवेलने पुसू नका, धारेवरचा बारीक लेप आणि धार दोन्ही जातात. पावसाळ्यात शेवटी स्पिरिटमध्ये बुडवून काढलं तर पाणी लवकर उडतं.

वापरलेली ब्लेडं सुट्टी कचऱ्यात टाकू नका. चकतीच्या आकाराच्या पत्र्याच्या डबीला झाकणात चीर पाडा, तीत टाकत राहा. वर्ष-दीड वर्षात भरते. भरली की झाकण चिकटपट्टीने पक्कं बंद करा, वर मोठ्या अक्षरांत "ब्लेड" लिहा आणि घंटागाडीवाल्यांच्या हातात वेगळी द्या, म्हणजे कचरा वेगळा करताना कुणाचा हात कापणार नाही.